साखरेऐवजी टाकलेल्या गोळ्या

तुले सांगते, हे आजवर कोणालेच सांगितलं नाही — नवऱ्यालेही नाही. काहून? भित्री आहे मी, दुसरं काय!

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. आम्ही पुरानी बस्तीत राहायचो, मी शाळेत बायोलॉजी शिकवायची. सासूबाईले शुगर. चोरून साखरेचे फक्के मारायच्या, म्हणून घरात साखर आणणंच बंद केलं होतं. सगळ्यांच्याच चहात शुगर-फ्रीच्या गोळ्या.

एक दिवस त्यांले जुलाब लागले. मीठ-साखरेचं पाणी मीच केलं — अन् साखरेऐवजी त्याच गोळ्या टाकल्या. शुगरवालीले साखर कशी द्यायची, नाही का? धाकटी जाऊ सरोज घरीच होती. "घोट घोट पाजत राहा" म्हटलं, ती "हव, पाजते" म्हणाली, अन् मी ऐटीत शाळेत गेली. घरातली शिकलेली मी ना!

धडा होता पेशीच्या पडद्याचा. चरबीचे दोन थर, त्यात रुतून बसलेलं प्रथिन, टोकं दोन्हीकडं पाण्यात — फळ्यावर काढून राहिली होती. आतड्यातलं असंच एक प्रथिन मिठाले साखरेसोबतच आत नेते, मांगून पाणी जाते. साखर नसली तं दोन्ही बाहेरच... बोलता बोलता हात थांबला. गोळी जिभेले गोड लागते. त्या प्रथिनाले ती साखर नाहीच!

स्टाफरूममध्ये फोन होता. घरीही होता. पण सरोजले काय सांगू — मी चुकली? मी तास पुरा केला. मग दुसराही घेतला.

घरी आली तं सासूबाईले दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरनं विचारलं, "क्या पिलाया?" मी म्हटलं, "नमक-शक्कर का पानी." किडन्या बसल्या होत्या. त्या वाचल्या नाही.

दीर सरोजवर ओरडला, "तू पाजलंच नसशील! टीव्ही पाहत बसली असशील!" ती रडून राहिली होती — "दीदी, तुम्ही तरी सांगा ना, पूरा गंजभर पानी पिलाया मैंने." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आम्ही दोघी अजून त्याच घरात आहो. जीव घुसमटते माझा — पण जाऊ कुठं? कोणाचं पोट बिघडलं की दीर म्हणते, "वहिनीले करू दे पाणी." सरोज बाजूले सरते.

परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "दीदी, मीच कमी पाजलं असन."

मी म्हटलं, "हव."