आप्पांच्या फोनवरचा अंगठा

जुलैतल्या पहिल्या शनिवारी मी सांबऱ्याच्या विमानतळावर गेले होते, भाचीला आणायला. सई सोळा वर्षांची. नऊ वर्षांची असताना निपाणीहून कॅनडाला गेली, त्यानंतर पहिल्यांदाच येत होती.

तिच्यासोबत तीन मोठ्या बॅगा होत्या. एकीवर थंडीचा जाड कोट बांधलेला.

"एवढं सामान कशाला गं?"

"असू दे आत्या. मी दमलो न्हाय, उचलतो की."

तिचं मराठी नवव्या वर्षी होतं तिथंच थांबलंय. निपाणीच्या पोरींसारखी अजून 'आलो', 'गेलो' म्हणते. मला हसू आलं.

पण मला तिला एक गोष्ट सांगायची होती. तिचे आजोबा, माझे आप्पा, फेब्रुवारीत गेले होते. तिला हे माहीत नव्हतं.

भावानं तेव्हा बजावलं होतं, "ताई, तिची परीक्षा होऊ दे." ऑफिसच्या कामाला जातो असं तिला सांगून तो येऊन गेला. परीक्षा झाल्यावर म्हणाला, "फोनवर कसं सांगायचं? आल्यावर तूच सांग."

लपवणं अवघड गेलं नाही. आप्पांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते कॉल घेतच नसत. सई दर रविवारी व्हॉइस मेसेज पाठवायची. आवाज फुल करून, फोन कानाला लावून ते ऐकायचे आणि उत्तर म्हणून एक अंगठा पाठवायचे. फक्त अंगठा.

ते गेल्यावर फोन माझ्या घरी, अनगोळला आला. रविवारी मेसेज यायचा. मी अंगठा पाठवायचे.

गाडी मीच चालवत होते. कंग्राळी मागे पडली तेव्हा ठरवलं, संकेश्वरला चहाला थांबू, तिथं सांगू. थांबलो. तिनं भजी मागितली, दोन प्लेट खाल्ली. म्हणाली, आप्पांना पण बांधून घेऊ.

मी बांधून घेतली.

मग ठरवलं, तवंदीचा घाट उतरायच्या आत. घाट उतरलो... पुडा तिच्या मांडीवर होता. निपाणी आलं.

आदल्या दिवशी जाऊन मी घर झाडून ठेवलं होतं. भिंतीवरचा हार घातलेला फोटो काढून कपाटात, साड्यांखाली ठेवला होता. इतका विचार केला होता मी. समोरच्या पारूआक्काला मात्र सांगायचं राहून गेलं.

पारूआक्का आयुष्यभर विड्या वळत आलेली बाई. आप्पा तंबाखूच्या वखारीत होते, तेव्हापासूनची. आमच्याकडे पद्धत आहे... मयताच्या वेळी नसलेलं घरचं माणूस पहिल्यांदा आलं, की शेजारच्या बायका दारातच त्याच्या गळ्यात पडून रडतात. गेलेल्याचं नाव घेऊन. न रडणं म्हणजे परकं मानणं.

सई गाडीतून उतरली. पारूआक्कानं मांडीवरचं सूप बाजूला सारलं आणि धावत आली.

"आलीस व्हय गं माझ्या बाई... आप्पा गेला न्हवं गं तुझा! तुझी लई वाट बघितली गं त्यानं..."

सईचे हात तसेच खाली राहिले. पुडा हातात. पारूआक्काच्या खांद्यावरून ती माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली.

ती रडली नाही. कट्ट्यावर बसली.

"कधी?"

"फेब्रुवारीत."

पुडा कट्ट्यावर ठेवून म्हणाली, "मग अंगठे कोण पाठवलं?"

"मी."

"आप्पांचा फोन दे."

पर्समधून काढून दिला. तिनं तो आधी नाकाशी धरला. कव्हरला अजून तंबाखूचा वास आहे. लहानपणी आप्पांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं की तिला शिंका यायच्या आणि आप्पा त्या मोजायचे. आताही एक आली. एकच.

मग ती मेसेज खाली सरकवत एका ठिकाणी थांबली आणि दाबलं. आवाज आप्पांनी ठेवला होता तसाच, फुल. सगळ्या गल्लीला तिचा आवाज ऐकू गेला.

"आप्पा, इथं मला नको वाटतंय. शाळेत कोण बोलत न्हाय. घरी पण कोण नसतंय. मी तुमच्याकडंच राहायला आलो तर चालंल? कायमचं. मम्मी-पप्पांना मी सांगतो. तुम्ही व्हय म्हणा फक्त."

त्याच्याखाली अंगठा होता. तारीख एप्रिलची.

तीन बॅगा आणि तो कोट मला तेव्हा कळला.

"तू हे ऐकलं होतंस?"

"नाही गं." तिचे मेसेज मी कधी ऐकलेच नव्हते. माझ्या बापासाठी आलेले होते ते... ऐकवत नव्हते. खोटं बोलायचं, तेही न ऐकता.

पारूआक्का डोळे पुसायची थांबली. "न ऐकताच व्हय म्हणून सांगितलंस व्हय गं, मास्तरीणबाई?"

मी डिकीतून बॅगा काढायला लागले.

सई सहा आठवडे राहिली. माझ्याशी कामापुरतं बोलायची. दिवसभर पारूआक्काजवळ बसून विड्यांची पानं कापायची. कपाटातला फोटो तिनंच शोधून भिंतीवर लावला. मी भावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, बघू. परतीचं तिकीट होतं, ती गेली. बॅगा दोन नेल्या. तिसरी आणि कोट निपाणीतच आहेत.

जाताना एवढंच म्हणाली, "आप्पांचा फोन बंद करू नको."

आज रविवार. सकाळी आप्पांच्या फोनवर मेसेज आला. या वेळी मी ऐकला, दोनदा.

"आत्या, तूच ऐकतीस हे माहीत आहे मला. अंगठा पाठवू नको. बोल."

तासभर झाला, माईकचं बटण दाबतेय आणि सोडतेय. पस्तीस वर्षं वर्गात बोलत आले... पोरीला पाठवायला एक वाक्य जमेना. म्हणून जे केलं ते आधी इथं लिहिलं.

आता बोलते.