लाकडाची तहान

सई, निनाद, डिसेंबरात आलो की आजोबांची होडी पाण्यात सोडायची, असं काल तुम्ही फोनवर म्हणालात. मला तेव्हा खरं सांगवलं नाही. आजोबांना जाऊन दीड महिना झाला. होडीचं काय झालं ते तुम्ही येण्याआधी कळलेलं बरं, म्हणून तुमची आत्या हे लिहिते आहे.

कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर आजोबा बारामतीहून एसटीने भिगवणला जात, तात्या नावाड्याच्या होडीतून धरणाचं पाणी ओलांडत आणि तसेच परत येत. काम काही नसे. मग एकदा त्यांनी सोबत मोजायची टेप नेली... आणि घरी हातभर लांबीची तशीच होडी घडू लागली. जुन्या दाराचं सागवान, सायकलचे स्पोक, मोडक्या घड्याळाची चाकं. सुकाणू वळायचं, नांगराची गरारी फिरायची, मोटारसायकल चढवायची फळी खाली उतरायची. तात्यांच्या होडीत डिंक नाही म्हणून हिच्यातही नाही. सांध्यांत नुसता कापूस ठासलेला. अशी होडी पाण्यात फुगते, सांधे मिटतात. कोरडी राहिली की उकलते.

"आबा, घाला की पाण्यात. लाकडाला तान लागती," तात्या म्हणाले.

"नवी होडी घरातल्या लेकरांच्या हातनं सोडायची, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलं व्हय. पण तुमची लेकरं पोहत येत्यात का काय?"

आजोबा हसले. तेव्हापासून रोज चहा झाला की ते ओला पंचा पिळून होडीवर घालत. तुमच्या परीक्षा, मग व्हिसा, मग आईची नवी नोकरी... पंचा ओला होत राहिला. हॉस्पिटलातही त्यांनी मला एवढंच विचारलं, "पंचा?" मी घालत होते.

ते गेले आणि घर माणसांनी भरलं. जागा करायला कुणीतरी होडी माळ्यावर, तापल्या पत्र्याखाली ठेवली. तेरावा झाल्यावर ती सापडली, तेव्हा सांध्यांतून उजेड दिसत होता. टबात भिजत घातली, तर पाणी तळातून वर आलं आणि फळ्या पिळवटल्या. तात्यांना बोलावलं. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"ताई, हिला आता पाणी दावू नगा."

होडी आजोबांच्या टेबलावर आहे. पंचा धुऊन कपाटात ठेवला आहे. फळी उतरत नाही, गरारी अडकते. सुकाणू अजून वळतं.