मुकादमाला विश्वासानं सांगितलेलं

बहात्तरच्या दुष्काळात मी मनोरुग्णालयात समाजसेवक होतो. बरे झालेल्या माणसांना घरी पोचवायचं, कामाला लावायचं, पुढे अधूनमधून भेटून यायचं, हे माझं काम.

मिरजगावजवळ दुष्काळी रस्त्याचं काम निघालं होतं. तिथं मी एका तिशीतल्या माणसाला लावून दिलं. चार वर्षं तो आमच्याकडे होता. निघताना म्हणाला, "भाऊसाहेब, कुठं हुतो ते तितं कुनाला कळू देऊ नका." मी शब्द दिला.

तरी मुकादमाला सांगितलं. बाजूला घेऊन, एकट्यालाच. गोळ्या चुकल्या, झोप उडाली तर ओळखणारं कुणीतरी हवं, असं मला वाटलं. मुकादमानं छातीवर हात ठेवला. "काळजीच सोडा. भावासारका सांभाळतो."

पुढच्या खेपेला हा खडी फोडताना हसत होता. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "ह्याचं लगीन जमवा की. लई गुनाचं हाय."

"आदी पाऊस तर पडू दे, मावशे," तो म्हणाला.

त्यानंतर गेलो, तेव्हा कामावर तालुक्याचे अधिकारी आले होते. मजुरांच्या पोरांना खायला आलेली सुकडी मुकादम परस्पर विकतो, असं ह्यानं त्यांना सगळ्यांदेखत सांगितलं होतं. पोती गाडीत चढताना इतरांनीही पाहिली होती. बोलला हा एकटाच.

मुकादम हसला. "कुनाचं ऐकताय, सायेब? येडा हाय त्यो. चार वर्सं येड्यांच्या दवाखान्यात हुता. इचारा ह्या भाऊसाहेबांना, त्यांनीच सांगितलं मला."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे?"

"दवाखान्यात होता. पण आता पूर्ण बरा आहे. तो सांगतोय ते..."

"होता ना? मग झालं तर."

जीप गेली. म्हातारीनं त्याच्याजवळ खेळणारा नातू उचलून पलीकडे नेला.

मी वरपर्यंत तक्रार करतो म्हणालो. त्यानं हातोडा खाली ठेवला. "मुकादम चोरच हाय. त्याचं काय न्हाई, भाऊसाहेब. पर तुमी?"

मी हातोडा उचलून त्याच्यापुढे धरला, तो त्यानं घेतला नाही.

"मला माघारी न्या. तितं समद्यांना म्हाईतच असतंय."

तक्रार मी केली. तिचं काही झालं नाही. त्या मुकादमाला मी अजून मनात शिव्या देतो. तेवढा वेळ स्वतःकडे बघावं लागत नाही.

त्याला मी माघारी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी तपासलं. कसलाच आजार नव्हता. "घरी जा," ते म्हणाले. तो मान हलवून वॉर्डात गेला आणि आपल्या जुन्या जागेवर सतरंजी अंथरू लागला.