शब्द सगळे आत्तींचेच

मधल्या सुट्टीत मी डबा उघडत होते, तेवढ्यात आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी मोबाईल माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, या तुमच्या सासूबाई ना? मी बघितलं तर खरंच आत्ती. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलेल्या, अंगावर मोरपंखी लुगडं, मागे पाणी. आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून त्या सांगत होत्या, "मी जिन्याला भ्यायचो. तेल चोळलं की दुखणं पळतंय. आता जिना बिनघोर चढतो." पाठोपाठ पडद्यावर तेलाची बाटली आली आणि ती कुठे मागवायची ते आलं. आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. खाली उमटणाऱ्या अक्षरांत मात्र कुणीतरी ते सुधारून 'चढते' असं केलं होतं.

घास माझ्या हातातच राहिला. आत्तींच्या उजव्या गुडघ्याची वाटी ऑपरेशन करून बदललेली. दवाखान्यात त्यांच्याजवळ मी राहिले होते. पहिल्यांदा उभं करताना त्यांनी माझा दंड इतका घट्ट आवळला होता की वळ उठले होते. घरात असल्या तेलाची बाटली मी कधी पाहिली नव्हती. तरीही माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आत्तींनी हे आमच्यापासून लपवून केलं की काय. त्यांचाच चेहरा, त्यांचाच आवाज. शंका घ्यायला जागाच नव्हती.

संध्याकाळी गडमुडशिंगीला घरी पोचले तेव्हा त्या घरामागच्या परड्यात शेवग्याच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. आधी त्या हसल्या, मी बरी दिसतो की, म्हणाल्या. मग बाटली आली आणि हसणं थांबलं. परत लाव म्हणाल्या. परत लावलं. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी मोबाईल पालथा ठेवला.

"बोलल्यालं सगळं माझंच हाय," त्या म्हणाल्या. "पर मी असं बोललो न्हाई."

मग हळूहळू त्यांना आठवलं. ऑपरेशननंतरच्या एका तपासणीला आम्ही कोल्हापुरात गेलो होतो. येताना त्यांना रंकाळ्यावर बसवून मी औषधं आणायला गेले होते. तेवढ्यात एक मुलगी आली. आज्जी आज्जी करत जवळ बसली. जुन्या माणसांच्या आठवणींचे व्हिडिओ करते म्हणाली. आत्तींना बोलायला कोणी मिळालं की त्या सासर-माहेर सगळं सांगतात. तिलाही सांगितलं. लहानपणी झाडावरून पडल्या तेव्हा त्यांची आई करडईचं तेल चोळायची. आई म्हणायची, तेल चोळलं की दुखणं पळतंय. पुढे गुडघा गेला तो कुठल्याच तेलाला दाद देईना, मी जिन्याला भ्यायचो, मग डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, आणि आता जिना बिनघोर चढतो. त्या मुलीने 'आई म्हणायची' हे काढलं होतं, वाक्यं पुढेमागे केली होती. डॉक्टर काढले होते, ऑपरेशन काढलं होतं. बाहेरून एक अक्षर आणलेलं नव्हतं.

मी दहावीला मराठी शिकवते. वाक्यातला एक तुकडा काढला की अर्थ फिरतो, हे मुलांना मी दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवते. पण घरातल्या माणसाचं बोलणं असं कापलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला. आमच्या गल्लीच्या टोकाला एक काकी राहतात. आत्तींची नि त्यांची तरुणपणापासूनची मैत्री, डेअरीला दूध घालायला दोघी बरोबर जायच्या. काकींचे दोन्ही गुडघे गेलेले, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं, आणि आत्तींचं बघून त्या तयारही झाल्या होत्या. मध्येच त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं, आमच्या घरी येणंही कमी केलं. आम्हाला वाटलं, भ्याल्या असतील. आत्ती तो व्हिडिओ दाखवायला गेल्या, मीही बरोबर होते. दारातून आत पाऊल टाकलं तर खिडकीत त्याच तेलाच्या बाटल्या मांडलेल्या. काकींनी गोळ्यासुद्धा बंद केल्या होत्या. त्या रुसल्या होत्या. एवढा चांगला उपाय सापडला तर जगाला सांगितलं आणि जिवाभावाच्या मैत्रिणीला सांगितलं नाही, हा राग होता.

आत्ती त्यांच्याजवळ पाटावर बसल्या आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. काकींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आक्का, मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. तुमीच सांगत होतासा."

"अगं, मी समोर बसून सांगतोय ते?"

"आता तुमास्नी सुनेनं गप बसवलं असंल."

आत्तींनी लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं. टाक्यांची ती उभी, लांब खूण दाखवली. काकींनी तिच्यावरून बोट फिरवलं, अगदी मायेनं. आणि म्हणाल्या, ऑपरेशन झालं ते मला म्हाईत हाय की, पण त्यातनं उठवलं ते तेलानंच.

चाळीसेक वर्षं रोज भेटणारी बाई समोर बसून सांगतेय, आणि तिच्याहून तिचं मोबाईलमधलं चित्र जास्त खरं ठरतंय. परत आल्यावर घराच्या पायरीवर थांबून आत्ती म्हणाल्या, रंकाळ्यावर बसल्याली ती बाई लई मन लावून बोलतीया, माझ्यापेक्षा.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं, पोलिसांत जाऊ. आत्ती नको म्हणाल्या, त्यांना आधी त्या मुलीला भेटायचं होतं. व्हिडिओ तिच्याच खात्यावर होता, तिथे मी तिला निरोप पाठवला. ती टाळाटाळ करेल असं वाटलं होतं, तर तिने लगेच पत्ता पाठवला. कोल्हापुरात राजारामपुरीत एका दुकानावरच्या मजल्यावर तिची खोली होती. आत्ती जिना चढून गेल्या. ती मुलगी पाया पडली, चहा मागवला. मला ती उर्मट निघायला हवी होती. रागवायला सोपं गेलं असतं. तशी ती नव्हती.

मी विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, मी एकही शब्द माझ्या पदरचा घातलेला नाही."

तेलवाल्यांचं काम नंतर आलं होतं, ती सांगत होती. तिच्याकडे आत्तींची जुनी चित्रफीत पडून होती. ती ऐकताना तिला एकदम सुचलं, की यातच सगळं आहे, फक्त जोडायचं आहे. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जमून आलेल्या कामाचा आनंद होता. शाळेत जाहिरात लेखनाला तिला नेहमी पैकीच्या पैकी मिळायचे म्हणे. मी तसेच गुण देणारी बाई. आकर्षक, थोडक्यात, विश्वास वाटेल असं, हेच शब्द मीही मुलांच्या उत्तरांवर लिहिते. ती दुसऱ्या शाळेची होती, पण मला तिथे बसवेना.

ती पुढे म्हणाली, नट्या घेऊन केलेल्या जाहिराती कोणी बघत नाही, आज्जी बोलल्या की लोकांना खरं वाटतं.

आत्तींनी चहाची बशी खाली ठेवली. "खरं वाटावं म्हणून मला घेतलीस. मग खरं का ठेवलं न्हाईस?"

मला वाटतं, हा प्रश्न त्या मुलीला त्याआधी कोणी विचारलाच नव्हता. आमच्यासमोर तिने व्हिडिओ काढून टाकला. माफी मागितली, ती मनापासून होती असं मला अजूनही वाटतं.

त्याने काहीच झालं नाही. तो व्हिडिओ तोवर कुणाकुणाच्या हातात गेला होता. थोड्याच दिवसांत शिरोळच्या माझ्या बहिणीने तो मला पाठवला, आणि त्यात बाटली वेगळीच होती. दुसऱ्याच कुठल्या तेलाची. आत्ती त्याच, लुगडं तेच, वाक्यं तीच. ही बाटली कोणी घातली ते त्या मुलीलाही सांगता येईना.

मग मी आत्तींचा दुसरा व्हिडिओ केला, खरा. परड्यातच बसवून. त्या अडखळल्या, तारीख चुकल्या, मध्येच म्हैस हंबरली. काही कापायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून तो लांबला. फारसा कोणी बघितला नाही. ज्यांनी बघितला त्यांतल्या एकाने खाली लिहिलं, आधी पैसे घेतले, आता म्हातारी उलटली. ते मी आत्तींना वाचून दाखवलं नाही. त्यांनी कुणाकडून तरी ऐकलंच. त्यानंतर अनोळखी माणसाशी गप्पा मारणं त्यांनी सोडलं. बसस्टॉपवर कोणी 'कुठलं पावणं' म्हणून विचारपूस केली तरी व्हय-न्हाई एवढंच.

काकींचा डावा पाय पुढे सुजला आणि टेकवेनासा झाला. त्यांचा मुलगा त्यांना उचलूनच दवाखान्यात घेऊन गेला. उशीर झाला होता, पण ऑपरेशन नीट पार पडलं. आत्ती नि मी भेटायला गेलो. काकी उशीला टेकून बसल्या होत्या. नर्स गोळ्या द्यायला आली तर तिला कौतुकानं सांगू लागल्या, ह्या आमच्या आक्का, ह्यांनी सांगितल्यालं तेल लावलं म्हणून एवढे दिवस तरी पाय चालला.

मी तोंड उघडणार, तोच आत्तींनी माझ्या हातावर हात ठेवला. मोसंबी सोलून एकेक फोड त्या काकींच्या तळहातावर ठेवत राहिल्या. टाके दुखतात का, रात्री झोप लागते का, असलंच विचारत राहिल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, तुम्ही गप्प का बसलात?

"पायाचं ऑपरेशन झालं की तिचं," आत्ती म्हणाल्या. "आता तिला काय वाटायचं ते वाटू दे."

मला ते अजून पटलेलं नाही. त्या रिक्षा बघायला पुढे गेल्या, आणि मी दवाखान्याच्या दारात तशीच उभी राहिले.