सुकी मासोळी चालते का?

सिस्टरबाई घर पाहायला गेल्या की घरमालकाने तोंड उघडायच्या आत स्वतःच विचारायच्या, "आम्ही सुकी मासोळी खातो. भिंतीवर बुद्धाचा अन् बाबासाहेबाचा फोटो लावतो. चालते का?" धानोऱ्याला त्या हे मराठीत विचारायच्या, आयर्लंडला गेल्यावर इंग्रजीत विचारू लागल्या. सूर तोच, मान तशीच ताठ. 'नाही' ऐकायचंच असेल तर ते जिना चढायच्या आधी ऐकावं, असं त्यांचं म्हणणं.

बाई मूळच्या आरमोरीच्या. धानोऱ्याच्या दवाखान्यात त्यांनी नर्स म्हणून अर्धं आयुष्य काढलं. नवरा लवकर गेला, मुलगी शिकून नोकरीला लागली, आणि चाळिशी उलटल्यावर बाईंनी परदेशी जायचं मनावर घेतलं. इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "बाई, या वयात काऊन जीवाले त्रास करून राह्यल्या?" बाई म्हणाल्या, "वय माह्यं हाय, परीक्षाबी माह्यीच हाय. तुमाले काय त्रास?" तिसऱ्यांदा पास झाल्या. मी गडचांदूरची, त्याच दवाखान्यातली सगळ्यांत नवी नर्स. मलाही त्यांनी हाताला धरून परीक्षेला बसवलं, आणि आम्ही दोघी एकाच विमानाने निघालो.

डब्लिनच्या दवाखान्याने सुरुवातीला राहायला एक खोली दिली होती, ती महिनाभरच. त्यानंतर ज्याने त्याने आपली सोय पाहायची. तिथे भाड्याचं घर मिळणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. एका घरासाठी फुटपाथवर रांग. आम्ही ड्युटी संपली की बस पकडून शहराबाहेरच्या गावांत हिंडायचो. बोटं गारठलेली, पोटात काही नाही, आणि महिना सरत आलेला.

अशात एका मराठी गृहस्थाच्या घरात दोन खोल्या असल्याचं समजलं. फोनवर मीच बोलले. "या या, आपलीच माणसं हवीत," असं ते म्हणाल्यावर मला रडूच आलं. गेलो तर चहा, चिवडा, मूळ गावाची चौकशी. माझं आडनाव कुणब्यांचं, ते त्यांनी विचारून घेतलं. मग बाईंनी आपला नेहमीचा प्रश्न टाकला. गृहस्थ कपातल्या चहाकडे पाहत म्हणाले, "मासोळीचं काही नाही हो, आम्हीही खातो. फोटोचं मात्र... घरात मिसेसचं देवघर आहे. कळवतो."

संध्याकाळी त्यांचा फोन मला आला. "तुम्ही एकट्या येणार असाल तर खोली तुमचीच समजा." मी म्हटलं, "आम्ही दोघी आहोत, येऊ तर दोघी." बाई शेजारीच भात कालवत बसल्या होत्या. डाव्या हाताने त्यांनी माझा फोन घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, समुद्र वलांडून आले तुमी, अन् गावची वेस संगं घेऊन आले?" फोन बंद करून पुन्हा जेवू लागल्या.

मी चिडले होते, घाबरलेही होते. म्हटलं, "बाई, फोटो नंतर लावला असता तर?"

"आज फोटो लपवीन, उद्या आडनाव लपवीन, परवा तोंड लपवीन. मंग त्या घरात राह्यलं कोन?"

त्या एवढ्या जोरात कधी बोलल्या नव्हत्या. छप्पन साली त्यांच्या आजोबांनी बुद्धाचा धम्म घेतला, तेव्हा गावाने त्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही. आजोबांनी नवी विहीर खणली. ही गोष्ट मला त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली.

खोली सोडायला चारच दिवस उरले होते, तेव्हा बसच्या शेवटच्या थांब्यावरच्या गावात एका म्हातारीचं जुनं घर पाहायला गेलो. बाईंनी दारातच प्रश्न विचारला. म्हातारी म्हणाली, "भिंतीवर काय लावायचं ते लावा आणि मासे खिडकी उघडून तळा. पण मला तुमच्या आधीच्या घरमालकाशी बोलायचंय."

बाईंनी लगेच धानोऱ्याच्या घरमालकांना, भाऊंना, व्हिडिओ कॉल लावला. भाऊ बनियनवर अंगणात बसले होते. बाई मला म्हणाल्या, "भाऊ जे म्हनतीन ते जसंच्या तसं सांग. गोड नोको करू."

भाऊ ओरडून बोलू लागले. "सिस्टरबाई? बाई चांगली हाय, पन भांडकुदळ हाय! छत गळलं तं एक दिवस चूप बसली नाई. दरवाज्यात खुर्ची टाकून बसली, म्हने छतावरचे कवेलू फेरा, मंगच उठतो. मले सारं छत नवं करा लागलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता घर खाली हाय. बरं नाई वाटत."

मी म्हातारीला सगळं इंग्रजीत सांगितलं, शेवटचं वाक्यसुद्धा. म्हातारी बराच वेळ हसली. मग छताकडे बोट दाखवून म्हणाली, "तिकडे त्या कोपऱ्यात गळतं. आधीच सांगून ठेवते." आणि किल्ली तिने बाईंच्या हातात दिली.

त्या घरात आम्ही तीन वर्षं राहिलो. गावाकडून नवी मुलगी आली की बाई तिला जागा मिळेपर्यंत आमच्याकडे ठेवून घ्यायच्या. ती कुठली, कोणाची, हे कधी विचारलं नाही. भात किती खाशील, एवढंच विचारायच्या.

मग आरमोरीला त्यांच्या आईने अंथरूण धरलं आणि बाईंनी नोकरी सोडली. कायमचं राहायचे कागद हातात यायला थोडाच अवकाश होता. सगळ्यांनी थांबवून पाहिलं. विमानतळावर मी रडत होते, आणि त्या मला परत जाताना गाडी सावकाश चालव म्हणून रागावत होत्या.

गेल्या वर्षी मी सुट्टीत आरमोरीला गेले. बाईंबरोबर बाजारात हिंडत असताना ओळखीच्या एका बाईने गाठलं. आवाजात कीव आणून ती म्हणाली, "वापस आल्या म्हनते? तिकडं जमलं नाई वाटते."

बाईंनी वांगी निवडता निवडता मान वर केली.

"जमलं म्हनूनच आली," त्या म्हणाल्या. "जमलं नसतं, तं मी हट्टानं तिथीच राह्यली असती."