सुख विचारणारे साडू

साऱ्या औरंगाबादेत लोकांच्या सुखाची जितकी काळजी माझ्या साडूंना आहे, तितकी खुद्द त्या लोकांनाही नसेल. शाळेतून निवृत्त झाल्यावर माणूस गुडघ्यांना तेल लावत बसतो. यांनी एका पाहणीवाल्या संस्थेचं काम धरलं. घरोघर जायचं आणि विचारायचं, ‘तुम्ही सुखी आहात का? घरात सगळ्यांचं पटतं का?’ आता आमच्या मराठवाड्यात आपल्या तोंडानं सुखी कोण म्हणवून घेतो? नजर लागते ना! पडेगावात एका म्हाताऱ्याच्या सगळ्या सुना एका चुलीवर गुण्यागोविंदानं नांदत होत्या, तरी तो म्हणाला, ‘चाललंय बगा.’ शेजारच्या घरात नवराबायकोचा अबोला होता, तिथंही ‘चाललंय.’ साडू वैतागले आणि त्यांनी स्वतःचं शास्त्र काढलं. चहाचं. नवऱ्याला दोनदा ओरडून मागावा लागला, तर घरात काहीतरी बिनसलंय. न मागता आला, तर सुखी. आणि सासूनं सुनेला ‘तू घेतलास का गं?’ असं विचारलं, की हे डोळे झाकून ‘अतिसुखी’ लिहून मोकळे! या शास्त्रापायी त्यांना मधुमेह झाला, पण शास्त्र काही सोडलं नाही.

एवढ्या लोकांची घरं धुंडाळणाऱ्या या माणसानं स्वतःच्या लेकीचं घर मात्र पाहिलेलं नव्हतं. सुमीनं आपल्या पसंतीनं लग्न केलं तेव्हापासून बोलणं बंद. माझी बायको, म्हणजे सुमीची मावशी, तिच्याकडं गुपचूप जाऊन यायची. साडू कधी चौकशी करायचे नाहीत, पण ती परतली की आमच्याकडं हटकून पेपर वाचायला यायचे.

एक दिवस मला म्हणाले, ‘साडूभाऊ, चिकलठाण्याला जायचंय. संस्थेच्या यादीतलं घर आहे, टाळता येत नाही.’ अंगात इस्त्रीचा शर्ट होता. स्कूटरवर माझ्यामागं बसून वाटभर कॉलर नीट करत होते. दार सुमीनंच उघडलं. साडूंनी चष्मा पुसला आणि परक्यासारखं विचारलं, ‘तुम्ही सुखी आहात का?’

सुमीचे डोळे भरले. म्हणाली, ‘चाललंय, बाबा.’

झाली का पंचाईत! शास्त्राप्रमाणं आता चहा हवा. पण नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सुमीला अजून मूल नव्हतं, आणि साडू रीतीला पक्के. तेवढ्यात आतून जावईच कप घेऊन आला. कुणी सांगितलं नव्हतं. एक कप वेगळा धरून म्हणाला, ‘बाबा, हा तुमचा. बिनसाखरेचा.’

मधुमेह झाला तो बोलणं बंद झाल्यावर. म्हणजे या घरात माझ्या बायकोपाशी त्यांची विचारपूस कायम होत होती. साडू कपाकडं बघत राहिले. मग बशीत ओतून, फुंकर घालत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

परतताना मी विचारलं, ‘काय लिहिणार?’ पाठीमागून हळूच म्हणाले, ‘इतकी वर्षं तो चहा तिथं निवत होता हो, साडूभाऊ.’