वास्तुशांतीला बसलं कोण

शिरोळ मागं पडलं तरी चिमणाबाई बोलली नव्हती. दर पौर्णिमेला आम्ही दोघी गावातून नरसोबावाडीला चालत जायचो. एरवी ही बाई वाटेत भेटलेल्या बैलालाही नावं ठेवायची. त्या दिवशी मात्र चपला हातात घेऊन उसामधल्या वाटेनं नुसती पुढं पुढं चालली होती.

"अगं, जरा दमानं," मी म्हटलं. "देव काय पळून चालला न्हाई."

"देवाचं नको सांगू, विठा. त्योबी पिराजीकडंच जाऊन बसलाय."

पिराजी तिचा धाकटा भाऊ, कबनूरला यंत्रमागावर कापड विणायच्या कामाला. आमच्या गावात त्यांच्या मावशीचं घर होतं. मावशीला मूलबाळ नव्हतं. जायच्या आधी तिनं दोघा भावंडांना जवळ बसवून सांगितलं, "घर चिमीला." चिमणाबाई तेव्हा सासरी नांदत होती, त्यामुळं घराला कुलूपच राहिलं. पुढं नवरा तरणाच गेला, सासरच्यांनी बाहेर काढलं आणि ती कुलूप उघडायला आली. सत्तर सालानंतरची ही गोष्ट.

घर कसलं, वटवाघळांचा तळ. तुळईला वाळवी, कौलं अर्धी खाली. मागल्या भिंतीत पिंपळ उगवला होता. पिंपळाला कोयता लावायचा नाही म्हणून तिनं हात जोडले, भिंत दगडादगडानं सोडवली आणि रोप मुळासकट मारुतीच्या देवळामागं नेऊन लावलं. तेवढ्यासाठी भिंत परत बांधावी लागली. दिवसभर लोकांच्या उसात तण काढायची भांगलण, संध्याकाळी स्वतःच्या घरात. काड घालून माती कुजवायची, पायानं तुडवायची, भिंतीला लिंपायची. टाचा फुटायच्या, त्यात मेण भरून ती पुन्हा चिखलात उभी. अशी तीन पावसाळे झटत होती.

पिराजी अधूनमधून सायकलवरून यायचा, चहा प्यायचा, सल्ला द्यायचा. "आक्का, ही मधली भिंत काढून टाक. वारं खेळंल. आन खाली फरशी घाल, शेणानं सारवत कुठं बसतीस?"

"बघ, किती काळजी करतंय," ती मला कौतुकानं सांगायची. मधल्या भिंतीत मावशीच्या दिव्याचा कोनाडा होता. भाऊ म्हणाला म्हणून तिनं तोही पाडला आणि खाली फरशीही घातली.

घर उभं राहिलं, तशी वास्तुशांत ठरली. आमच्याकडं पूजेला जोडी बसते. विधवा बाई कशी बसणार? चिमणाबाईनंच पिराजीला आणि त्याच्या बायकोला बोलावलं, नवं धोतर-लुगडं घेतलं, आपल्या हातानं पाटावर बसवलं. गुरुजींनी विचारलं, "यजमान कोण?"

"ह्यो की, माझा भाऊ," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

गुरुजींनी पिराजीच्या नावागोत्रानं संकल्प सोडला. चिमणाबाई त्या वेळी चुलीपुढं पुरण वाटत होती. पंगतीत जो तो पिराजीला म्हणत होता, "घर झकास केलंस, गड्या!" आणि तो हसून भात वाढत होता.

पुढल्याच आठवड्यात ट्रकमधून पिराजीनं घेतलेले माग उतरले. मधली भिंत नव्हतीच. फरशीवर ते असे बसले, जणू माप घेऊनच घर बांधलं होतं.

"आक्का, तू कुठं जाऊ नको," पिराजी म्हणाला. "मागल्या सोप्यात ऱ्हा. सुताच्या कांड्या भर. बाहेरच्या बाईला देतो तीच मजुरी तुला."

प्रकरण देवळातल्या गावबैठकीत गेलं. गावातले वडीलधारे केरबा आण्णा तिला म्हणाले, "चिमणे, खरं सांग. वास्तुशांतीला कोण बसलंतं?"

"पिराजी."

"बसवलं कुणी?"

"मीच."

"मग आता काय बोलायचं? पाटावर बसला त्योच घरचा धनी. गावानं जेवून पानं उचलली की."

मावशी काय म्हणाली होती, हे पिराजीला सांगता आलं असतं. तो खांबाला टेकून नखं कुरतडत राहिला. गावानं चिमणाबाईला बोळापलीकडचा मावशीचा जुना गोठा दिला. त्यावर पत्रासुद्धा धड नव्हता.

उसामधली वाट संपली आणि नदीचा वारा लागला, तशी ती बांधावर बसली. मीही बसले. माझ्या पिशवीत नेहमीची पोथी होती, तिकडं ती बघत होती.

"घर गेल्याचं एक हाय," ती म्हणाली. "पण मला इचारलं असतं तर मी त्येला अर्धं दिलं असतं गं. मागून घ्यायचं होतंस की, लेका!"

मी पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला.

"गोठ्याची एक भिंत बांधलीया. माती उरलीया, दुसरीबी हुईल. झाली म्हंजे वास्तुशांत घालायची हाय."

"पण पूजेला..."

"जोडी न्हाई, ठाऊक हाय मला. गुरुजीबी न्हाई यायचा. एकदा जोडी बसवून बघितली, पुरे झालं. ह्या खेपेला पाटावर मी बसतो. तुला वाचायला येतंय. तू पोथी वाच, विठा. आन यजमान कोण म्हणून इचारायचं आलं, की माझंच नाव घे. मोठ्यानं घे. बोळापलीकडं माग चालू असत्यात, त्येला ऐकू गेलं पायजे."